बोहनी एम

पुस्तकातल्या इतिहासाला एक खोड आहे. राजे, लढाया आणि तह यांची नोंद तो चोख ठेवतो. पण कुठलं गाणं कुठल्या गावाच्या मांडवात कसं शिरलं, याची नोंद करायला त्याला कधी सवड होत नाही. वास्तविक तहापेक्षा गाणं जास्त टिकतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात आपण तेवीस किल्ले दिले आणि पुढे हळूहळू परत घेतले. गाण्याचं तसं नाही. ते एकदा गावात शिरलं की परत देता येत नाही. घ्यायलाही कुणी येत नाही.

आमच्या सुदुंबऱ्यात असंच एक गाणं शिरलं.

सुदुंबरे हे मावळ तालुक्यातलं गाव. एका अंगाला भंडारा डोंगर, पलीकडे इंदोरी, आणि मनात आणलं तर चालत देहू. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आमच्या गावात आहे. अलीकडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियनही गावात आहे. त्यामुळे राज्यात कुठे पूर आला, दरड कोसळली, की मदत आमच्या गावातून निघते. आमच्या लहानपणी उलटं होतं. आपत्तीच गावात येत असे, आणि ती मंडपवाल्या तात्यांच्या कर्ण्यातून येत असे.

तात्यांकडे पत्र्याच्या ट्रंकेत कॅसेटी असत. त्यातल्या एकीवर बॉलपेनने लिहिलेलं होतं : 'बोहनी एम'. लग्नाचा मांडव असो, बारसं असो की गणपती, तात्या पहिल्यांदा हीच कॅसेट लावत. मग सनई, मग भक्तिगीतं, मग पोरांच्या फर्माईशी. कारण विचारलं की म्हणत, "आरं, नावच बोहनी हाय. मंग आधी लावाय नको?" आणि 'एम' म्हणजे काय? "एम म्हंजे मंगल. दुसरं काय आसंल?" यावर गावात कुणी वाद घातला नाही. ज्याच्याकडे कर्णा असतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे पुढे राजकारणात लोकांना उशिरा कळलं. आमच्या गावाला ते आधीच ठाऊक होतं.

तर हे 'बोहनी एम' म्हणजे अर्थातच बोनी एम. आणि तात्यांचं बोहनीचं गाणं म्हणजे १९७८ सालचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलोन'. ते माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे, म्हणून त्याच्याविषयी आदरानेच लिहितो.

या बोनी एमचं मूळ पश्चिम जर्मनीत. फ्रँक फारियन नावाचा एक गृहस्थ मुळात स्वयंपाकी म्हणून तयार झालेला. पण रस्सा ढवळता ढवळता तो गाणी ढवळू लागला. १९७५ साली त्याने एक नाचाचं गाणं स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलं आणि त्यावर खोटं नाव टाकलं : बोनी एम. हे नाव त्याने दूरदर्शनवर चालणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन गुप्तहेर मालिकेवरून उचललं. त्या गुप्तहेराचं नाव नेपोलियन बोनापार्ट, लाडाने बोनी. म्हणजे फ्रेंच सम्राटाचं नाव, ऑस्ट्रेलियन गुप्तहेर, जर्मन स्वयंपाकी आणि मावळातला मंडपवाला असा हा प्रवास. आमच्या तात्यांनी त्यात फक्त एक 'ह' घातला. एवढ्या लांबच्या प्रवासात एखादा 'ह' चढतोच.

गाणं चालू लागल्यावर लोकांना चेहरे हवे झाले. मग फारियनने चेहरे गोळा केले. जमैकात जन्मलेल्या लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट, माँटसेराट बेटावरची मेझी विल्यम्स आणि अरुबा बेटावरचा बॉबी फॅरेल. चौघेही कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरचे. यातल्या बॉबीचं काम नाचणं. अंगात वारं शिरल्यासारखा तो नाचायचा. मात्र तबकडीवरचा तो जाडाभरडा पुरुषी आवाज त्याचा नव्हेच, फारियनचा. गायचं एकाने आणि ओठ हलवायचे दुसऱ्याने.

याचं युरोपात केवढं अप्रूप झालं! पुढे याच फारियनने 'मिली व्हॅनिली' नावाची दुसरी जोडी उभी केली. तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि ते दोघे स्वतः गातच नाहीत हे कळल्यावर १९९० साली तो परत घेतला गेला. वर्तमानपत्रांनी डोकं धरलं. आपल्याकडे कुणाला नवलही वाटलं नसतं. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, या तत्त्वावर आपली अख्खी चित्रसृष्टी उभी आहे. आणि त्याबद्दल बक्षीस काढून घेणं दूरच, १९५९ पासून फिल्मफेअरवाले पार्श्वगायनाचं वेगळं बक्षीस देतात. फारियनचा गुन्हा एवढाच, की तो मुंबईऐवजी जर्मनीत जन्मला.

असो. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलोन' १९७८ च्या वसंतात आलं. इंग्लंडात पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर. जर्मनीत तर सतरा आठवडे. एकट्या इंग्लंडात वीस लाखांवर तबकड्या खपल्या. गाणं जरा उतरणीला लागलं, तेवढ्यात रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि मागच्या बाजूचं 'ब्राउन गर्ल इन द रिंग' वाजवू लागले. ती बाजूही वर चढली. एका ठेवीवर दोनदा व्याज मिळण्याचा हा प्रकार मी आमच्या बँकेत एवढ्या वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मंडळी मॉस्कोला जाऊन गाऊन आली. फक्त 'रास्पुतिन' हे गाणं तिथे गायचं नाही, अशी ताकीद होती. पाहुण्याने यजमानाच्या घरची जुनी भानगड काढू नये, हा शिष्टाचार रशियातही असावा. पण भानगड विसरत नाही. रास्पुतिनचा खून झाला ३० डिसेंबर १९१६ ला, आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये. त्याच्या नावावर आयुष्यभर नाचलेला बॉबी फॅरेल वारला तोही ३० डिसेंबरलाच, २०१० साली, त्याच शहरात, कार्यक्रमासाठी गेला असताना. हे कुणा लेखकाने कथेत लिहिलं असतं तर संपादकाने साभार परत केलं असतं.

आमच्या शाखेत मी एकदा या गाण्याचं नाव काढलं, तर कर्जविभागातल्या सहकाऱ्याने खातेवहीतून मानसुद्धा वर न करता विचारलं, "रिव्हर्स ऑफ कुठलं लोन?" त्याला वाटलं, कुठलीतरी चुकीची एन्ट्री रिव्हर्स करायची आहे. बँकवाल्याच्या कानाला 'बॅबिलोन'मधलं 'लोन' तेवढं ऐकू येतं. पण माणूस अगदीच वावगं बोलला नव्हता. गाण्याचं खातं उघडून पाहिलं, तर मागे मागे नोंदी निघत जातात आणि मूळ खातेदार काही सापडत नाही.

पहिली नोंद : तबकडीवर फारियन आणि त्याचा एक सहकारी यांची नावं आहेत, पण त्यांच्याबरोबर ब्रेंट डो आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांचीही आहेत. हे दोघे जमैकाच्या 'मेलोडियन्स' नावाच्या त्रिकुटातले. त्यांनी हे गाणं १९७० सालीच केलं होतं, संथ लयीत, रास्ताफारी पंथाच्या भक्तिभावाने. सरकारने ते आधी रेडिओवर बंद केलं. त्यातली पंथाची भाषा सरकारला खुपली. त्यावर निर्माते लेस्ली काँग यांचं म्हणणं असं, की हे शब्द बायबलमधले आहेत, बंदी घालायची तर त्याच्यावर घाला. बंदी उठली. पुढे १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या चित्रपटातून गाणं देशोदेशी पोचलं. फारियनने पंथाचे खास शब्द काढून त्या जागी साधा 'प्रभू' बसवला, खाली ठेका घातला आणि गाणं नाचायला मोकळं केलं.

दुसरी नोंद त्याहून जुनी. जमैकाच्या मंडळींनी शब्द घेतले ते स्तोत्रसंहितेतल्या १३७ व्या स्तोत्रातून, आणि थोडे १९ व्या स्तोत्रातून. दोन खाती एकत्र केली म्हणा. बाबिलोनच्या राजाने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात जेरुसलेम जाळलं आणि तिथल्या ज्यू लोकांना धरून आपल्या मुलखात नेलं. नदीकाठी बसून ते गावाच्या आठवणीने रडत. त्यांना धरून आणणारे वर म्हणत, जरा तुमच्या तिकडची गाणी म्हणून दाखवा! यांनी वाद्यं झाडांना टांगून ठेवली. परमुलखात देवाचं गाणं म्हणायचं तरी कसं, एवढा एकच प्रश्न त्या स्तोत्रात आहे. अडीच हजार वर्षांनी त्याच प्रश्नावर निम्मं जग कंबर हलवत होतं.

जमैकाच्या लोकांना हे स्तोत्र जवळचं का वाटलं, ते उघड आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजात घालून आणलेले. त्यांनाही कुणी विचारून आणलं नव्हतं.

आणि आपल्याला ते परकं वाटावं, असंही काही नाही. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ सर्वांना माहीत असतं. ते बांधून पुरं झालं १८६७ साली, डेव्हिड ससून यांच्या पैशातून. ससून जन्मले बगदादला, म्हणजे जुन्या बाबिलोनच्या अगदी शेजारी, त्याच नद्यांच्या मुलखात. वारले १८६४ साली पुण्यात, आणि त्यांची कबर त्याच देवळाच्या आवारात आहे. बाबिलोनच्या नद्यांचं पाणी प्यालेला माणूस मुठेकाठी विसावला.

त्याहून जवळचे म्हणजे कोकणातले बेने इस्रायल. यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. धंदा पत्करला तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी देवाच्या आज्ञेने घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आठवड्याची हक्काची सुट्टी इतक्या कटाक्षाने पाळणारा हा समाज माझ्यासारख्या बँक कर्मचाऱ्याला पहिल्यापासून आपला वाटत आला आहे. ही मंडळी मराठी बोलली, मराठीत लिहिती झाली. बायबलमधल्या कथांवर त्यांनी चक्क मराठी कीर्तनं केली. पुढे बरेच जण इस्रायलला गेले. म्हणजे ज्या गावासाठी नदीकाठी रडले, त्या गावी एकदाचे पोचले. आणि पोचून काय केलं? तर 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं! माणसाला जिथे असतो तिथलं गाणं सुचत नाही, हेच खरं.

तेलाच्या घाण्यावरून पुन्हा आमचे संताजी महाराज आठवतात. तेही चाकणचे तेली. धंद्याचा हिशेब ठेवायचा म्हणून लिहायला शिकले, आणि त्याच अक्षरात तुकोबांचे अभंग लिहीत गेले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी वर आल्या, असं सांगतात. बुडीत खातं तेरा दिवसांत पूर्ण वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण नाही. संताजींच्या हातच्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी विसाव्या शतकात तुकोबांचा 'अस्सल गाथा' छापला. २००९ साली टपालखात्याने संताजींचं तिकीट काढलं. तीनशेहून अधिक वर्षांनी का होईना, कारकुनाची सही ग्राह्य धरली गेली. आम्हा कारकुनांना एवढी वाट पाहायची सवय असते.

मला वाटतं, जगात गाण्यांना नेहमी असे दोन-तीन जण लागतात. एक रचणारा, एक लिहून ठेवणारा आणि एक कर्णा लावणारा. तुकोबांना संताजी मिळाले, म्हणून आपल्याला रचणाऱ्याचं नाव माहीत आहे. त्या नदीकाठच्या माणसाला संताजी मिळाला असणारच, नाहीतर स्तोत्र राहिलं नसतं. पण त्याने मूळ मालकाचं नाव काही लिहून ठेवलं नाही. पुढे जमैका, जर्मनी, सुदुंबरे असे कर्णे लावणारेच भेटत गेले. फारियन २०२४ च्या जानेवारीत वारला. तात्या त्याच्या आधीच गेले.

या गाण्याचा अर्थ आमच्या घरात एका माणसाला मात्र कुणी न सांगता कळला होता. आमच्या आत्याचं सासर पवन मावळातलं. पवना धरण १९७२ च्या सुमारास पुरं झालं आणि सासरचं घर, खळं, आंब्याची झाडं, सगळं पाण्याखाली गेलं. त्यानंतर ती मंडळी आमच्याकडेच राहिली. धरणग्रस्तांपैकी बऱ्याच खातेदारांचं पुनर्वसन पुढे कित्येक दशकं कागदावरच राहिलं; आत्याच्या यजमानांनी कचेरीचे खेटे घालता घालताच डोळे मिटले. तात्यांचा कर्णा सुरू झाला, की ही आत्या मांडवाच्या खांबाला टेकून गप्प बसायची. गाणं संपलं की म्हणायची, "चाल रडायचीच हाय. मानसं नाचत्यात का म्हून?" इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं.

पुढे बँकेत लागल्यावर एका दिवाळीत मी तिला या गाण्याची सगळी गोष्ट सांगितली. गाव जळालं, लोकांना धरून नेलं, नदीकाठी बसून ते रडले, इथपासून पार कॅसेटपर्यंत. तिने करंज्यांचं सारण हलवत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नदीचं नाव काय म्हनलास?"

मी म्हटलं, "दोन नद्या, आत्या. तैग्रिस आन् युफ्रेटिस."

"आसंल. तिकडची पवनाच ती." थोडं थांबून म्हणाली, "नाचू दे बाबा लोकान्ला. नुसतं रडून सांगितलं आस्तं, तर हितपत्तोर कुनी आनलं आस्तं का ते?"