‘असिमिलेबल’ : एक विशेषण आणि तीन खटले

‘असिमिलेबल’ या इंग्रजी विशेषणाचे मूळ घर पोटात आहे. खाल्लेले अन्न अंगात जिरून शरीरासारखेच होणे, हा त्याच्या क्रियापदाचा जुना अर्थ. पुढे ते माणसांना लागले, आणि त्याचे नकारार्थी रूप अमेरिकेत चिनी मजुरांविरुद्धच्या राजकारणात रुळले.

निकालपत्रांत विशेषण क्वचितच दिसते; क्रियापद मात्र भेटते. चे चान पिंग हा मजूर परतीचा दाखला घेऊन मायदेशी गेला होता. १८८८ साली तो परतीच्या बोटीत असतानाच असे दाखले रद्द करणारा कायदा झाला. १८८९ च्या निकालात न्या. फील्ड यांनी त्याला प्रवेश नाकारणे वैध ठरविले. हे लोक वेगळे राहतात, आपल्या चालीरीती सोडत नाहीत, आमच्यात मिसळणे त्यांना अशक्य दिसते, असा त्यांचा आशय. वेगळ्या वस्तीत त्यांना कोणी ढकलले, हे विचारण्याची गरज भासली नाही.

१९२३ मध्ये अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्व नाकारताना न्या. सदरलँड यांनी कसोटीच बदलली. युरोपीयांची मुले मिसळून जातात, हिंदुस्थानी आईबापांची ओळखू येतात! म्हणजे चालीरीतींच्या जागी आता चेहरा आला. चालीरीती बदलता तरी येतात.

थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ पासून अमेरिकी नागरिक होते. या निकालानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावा लावला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांना वाचविले ते प्राङ्न्यायाच्या तत्त्वावर. मूळ निर्णयाविरुद्ध सरकारने अपीलच केले नव्हते. विशेषणाला त्या निकालाने हात लावला नाही.

आम्हांस खरी मेख व्याकरणात दिसते. ‘पचण्याजोगा’ म्हटले की गुणदोष अन्नाचा ठरतो. पोट दुबळे आहे का, हा प्रश्न वाक्यातूनच गळतो. मराठीत ‘आत्मसात करणे’ म्हणताना करणारा सांगावा लागतो. (त्यातला ‘सात’ हा प्रत्यय ‘भस्मसात’मधलाच आहे.)

भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद २९ वेगळी भाषा असलेल्या नागरिकांना ती जतन करण्याचा हक्क देतो. त्यासाठी मिसळण्याची पात्रता सिद्ध करण्याची अट तेथे नाही. म्हणून सीमाभागातल्या अर्जांत आम्ही ‘समरस होणे’ लिहीत नाही. ‘शासनाने सामावून घेणे’ असे कर्त्यासह लिहितो.