कासवाची टिक

आमच्या यवतमाळच्या शाखेत व्हाउचरवर टिक मारायला अकाउंटंटसाहेब असतात. प्रोग्रामर भाच्याकडे त्या कामाला कासव आहे!

१९८६ च्या नॉर्टन कमांडरनं पडद्यावर दोन रकाने मांडले, म्हणजे आमची जमा-नावेच. १९९३ चा विंडोज कमांडर, २००२ पासून टोटल कमांडर, त्याच वळणाचा. टॉर्टाइज एसव्हीएन मात्र वेगळा रकाना मागत नाही. विंडोजच्याच खिडकीत बसून जमा फाइलींवर हिरवी टिक मारतो. पण विंडोजमध्ये अशा खुणांना जागा १५ च, नंबर अकारविल्हे. मग काही बिलंदर प्रोग्राम नावाआधी मोकळी जागा सोडून रांगेत पुढं घुसतात. (हे कसब आम्ही काउंटरवर रोज बघतो.)

भाच्याच्या फाइलींवरची खूण अशीच गेली. सगळं जमा असेल समजून त्यानं फोल्डर पुसलं. चार दिवसांचं काम गेलं. फोनवर रडवेला झाला, "मामाजी, तुमच्याकडं असं होत नाही ना?"

मी साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. साहेब चहाला गेले होते.