चार कोटींचा झहीर: महाग पडला की स्वस्त?

कोल्हारहून बेलापूरचा रस्ता धरला की पुढे श्रीरामपूर लागतं. आजच्या भागातला माणूस तिथलाच. झहीर खान, जन्म ७ ऑक्टोबर १९७८. शाळा श्रीरामपुरातच झाली. सतराव्या वर्षी पोरगा क्रिकेटसाठी मुंबईला गेला आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण आज आपण त्याचं कौतुक करायला बसलेलो नाही, हिशोब करायला बसलोय. फेब्रुवारी २०१५ च्या आयपीएल लिलावात दिल्ली डेअरडेव्हिल्सने झहीरला ४ कोटी रुपयांना घेतलं. वय ३६. आदल्या वर्षीचा सीझन दुखापतीमुळे अर्धवट राहिलेला. भारताकडून शेवटची टेस्ट खेळून वर्ष होत आलेलं. मग ४ कोटी कशाचे? जुन्या नावाचे की पुढच्या ओव्हर्सचे?

याचं उत्तर शोधायला दहा वर्षं मागे जावं लागतं, कारण झहीरची किंमत ठरवणारे त्याआधीही एकदा चुकले होते.

२००३ च्या वर्ल्ड कपमध्ये झहीरने १८ विकेट घेतल्या. पण लोकांच्या लक्षात राहिली ती फायनल. पहिल्याच ओव्हरमध्ये १५ रन गेले आणि शेवटी ७ ओव्हरमध्ये ६७. नंतर दुखापती झाल्या, टीममध्ये आत-बाहेर सुरू झालं. आर. पी. सिंग, श्रीसंत अशी नवी पोरं आली. २००५ च्या शेवटी बीसीसीआयने त्याचं कॉन्ट्रॅक्ट बी ग्रेडवरून सी ग्रेडला आणलं. वय तेव्हा फक्त २७.

आता बघा, बोर्डाचा हिशोब तसा खोटा नव्हता. मागच्या वर्षाचा परफॉर्मन्स पाहिला तर सी ग्रेड बरोबरच वाटतो. पण कॉन्ट्रॅक्ट पुढच्या वर्षाचं असतं. आणि पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, झहीर इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. रन-अप लहान केला, उडी कमी केली, शरीरावरचा ताण घटवला. त्या सीझनमध्ये १६ सामन्यांत ७८ विकेट! एसेक्सविरुद्ध एकाच डावात ९ विकेट.

त्याचं फळ २००७ मध्ये दिसलं. ट्रेंट ब्रिज टेस्टमध्ये झहीरने ९ विकेट घेतल्या, मॅन ऑफ द मॅच ठरला आणि भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये टेस्ट सिरीज जिंकली. ज्याला दीड-दोन वर्षांपूर्वी सी ग्रेड दिला, तोच बॉलिंगचा कणा झाला होता.

आता आयपीएलकडे या. इथे बहुतेक जण एक गफलत करतात, नुसता आकडा बघतात. २००८ मध्ये बंगलोरने झहीरला ४ लाख ५० हजार डॉलरला घेतलं. २००९ मध्ये रॉबिन उथप्पाच्या बदल्यात तो मुंबईला गेला. २०११ च्या लिलावात बंगलोरनेच त्याला परत घेतलं, ९ लाख डॉलरला. म्हणजे भाव दुप्पट झाला?

थांबा. २००८ मध्ये एका टीमला लिलावात ५० लाख डॉलर खर्च करायची मुभा होती. २०११ मध्ये ती ९० लाख झाली. म्हणजे झहीरचा वाटा पहिल्यांदा ९ टक्के होता आणि नंतर १० टक्के. भाव जवळपास तेवढाच होता, बाजार मोठा झाला होता. २०१४ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याला २ कोटी ६० लाखांना घेतलं तेव्हा मर्यादा ६० कोटी होती, म्हणजे साधारण ४ टक्के. २०१५ मध्ये दिल्लीचे ४ कोटी हे ६३ कोटींपैकी. साधारण ६ टक्के. म्हणजे दिल्लीने भाव वाढवला खरा, पण ऐन भरातल्या झहीरचा भाव काही दिला नाही.

आपल्या भागातल्या पोरांना हे उसाच्या भाषेत लगेच कळेल. खोडव्याला लागणीइतकं टनेज सहसा पडत नाही. पण बेण्याचा, लागणीचा खर्च वाचतो, पीक लवकर तयार होतं आणि उतारा चांगला मिळू शकतो. खोडव्याला लागणीचं टनेज मागणारा शेतकरी फसतो. आणि टनेज कमी म्हणून उताराच न बघणाराही फसतो.

झहीरचं टनेज म्हणजे त्याच्या ओव्हर्स, आणि उतारा म्हणजे त्या ओव्हर्समधला दर्जा. २०११ ची वर्ल्ड कप फायनल आठवा. वानखेडेवर त्याच्या पहिल्या ५ ओव्हर्स: ३ मेडन, ६ रन, १ विकेट. पुढच्या ५ ओव्हर्समध्ये ५४ रन गेले. एकाच दिवसात दोन्ही गोष्टी दिसल्या. तरी स्पर्धेत त्याच्या २१ विकेट झाल्या, शाहिद आफ्रिदीसोबत सगळ्यात जास्त.

मग तीनच महिन्यांनी लॉर्ड्सची टेस्ट. झहीरने १३.३ ओव्हरमध्ये १८ रन देऊन २ विकेट घेतल्या, मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. भारत ती सिरीज ४-० ने हरला. एकट्या झहीरमुळे हरला असं नाही, बॅटिंगही पडली होती. पण दोन्ही बाजू इथेही दिसतात: जेवढं टाकलं ते उत्तम, आणि शरीराची खात्री नाही.

शेवटच्या टेस्टमध्ये, फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टनला त्याने एका डावात ५१ ओव्हर्स टाकल्या. ३५ व्या वर्षी! १७० रन देऊन ५ विकेट. ब्रेंडन मॅकलमने ३०२ केले तो हाच डाव.

आता दिल्लीचा हिशोब. २०१५ मध्ये झहीर सुरुवातीला दुखापतीमुळे बाहेर होता. ७ सामने खेळला, ७ विकेट घेतल्या. ४ कोटी भागिले ७, म्हणजे एका सामन्याला साधारण ५७ लाख. नुसता असा भागाकार केला तर महागच पडला. पण त्याच लिलावात दिल्लीने युवराज सिंगला १६ कोटींना घेतलं होतं, आणि सीझन संपल्यावर दिल्लीने युवराजला सोडलं, झहीरला ठेवलं. १६ कोटी मोकळे करण्यात फायदा होता, हे खरंच. पण ठेवलेल्या झहीरला त्यांनी थेट कॅप्टन केलं. २०१५ मध्ये दिल्लीने ५ सामने जिंकले होते, २०१६ मध्ये ७. मेंटॉर राहुल द्रविड होता, टीममध्ये नवी पोरं आली होती, त्यामुळे सगळं श्रेय झहीरचं नाही. पण तो आता फक्त ४ ओव्हर्सचा बॉलर राहिला नव्हता. बॉलर बदलायचा कधी, फिल्डर लावायचा कुठे, हे कामही त्याच ४ कोटींत होत होतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने इंटरनॅशनल क्रिकेट सोडलं: ९२ टेस्ट, ३११ विकेट. २०१७ ला आयपीएलही संपलं: १०० सामने, १०२ विकेट.

तर माझा निकाल असा. पहिल्या वर्षी महाग, तीन वर्षं मिळून वाजवी. अनुभवी खेळाडूचा भाव करताना तीन प्रश्न विचारावेत: किती ओव्हर्स मिळतील, त्या कशा असतील, आणि तो मैदानात आणखी काय करेल? पहिल्याचं उत्तर वयाबरोबर खाली येतं. दुसरं बराच काळ टिकू शकतं. तिसरं तर वाढू शकतं. बोर्डाने २००५ मध्ये फक्त मागचं वर्ष बघितलं आणि चुकले. दिल्लीने थोडा धीर धरला.

तुमच्या गावच्या टीममध्येही असा एक जुना बॉलर असेलच, दोनच ओव्हर टाकणारा. पुढच्या टुर्नामेंटला त्याला वगळायच्या आधी हे तीन प्रश्न विचारा. तुमचा हिशोब वेगळा निघाला तर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू!