तासातासाचा पाण्याचा हिशेब

1943 साली नेदरलँड्समधल्या काम्पेनला विलेम कोल्फ यांनी मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाचं रक्त सॉसेजच्या सेलोफेन नळीतून फिरवलं. रक्तातली घाण निघाली, पण अंगावर चढलेलं पाणी हवं तेवढं काढता येईना. स्वीडनमध्ये लुंडला निल्स आल्वाल यांनी दाब वापरून तेही साधलं.

अतिदक्षता विभागातला पेच मात्र वेगळाच. तिथल्या रुग्णाचा रक्तदाब आधीच खालावलेला. नेहमीच्या डायलिसिसप्रमाणे चार तासांत तीन लिटर पाणी ओढलं, तर रुग्ण हाती लागायचा नाही.

1977 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला पेटर क्रामर यांच्याकडे शिरेसाठीची नळी चुकून मांडीच्या धमनीत गेली. त्यांनी तीच वाट धरली! पंपच नको, हृदयाच्या दाबानेच रक्त गाळणीतून जाई. गाळलेलं पाणी मोजपात्रात सावकाश, थेंबथेंब जमे. परिचारिका दर तासाला आकडा टिपत आणि त्याच्या बदल्यात ठरल्याप्रमाणे नवा द्राव शिरेवाटे सोडत. आज ते मोजमाप यंत्रातले वजनकाटे करतात. किती पाणी काढायचं, हे अजून डॉक्टरच ठरवतात.