प्रस्तावना : ‘बहाला ना’ आणि फिलिपिनो मानसशास्त्र

फिलिपिनो समाजाचा अभ्यास करू लागलेल्याच्या कानावर एक उद्गार लवकरच पडतो : ‘बहाला ना’. परीक्षेच्या दाराशी विद्यार्थी तो काढतो, हवा बिघडलेली असताना होडी लोटणारा कोळी काढतो, आखातात घरकामाला निघालेली बाई मनिलाच्या विमानतळावर काढते. ‘होईल ते होईल, बघून घेऊ’ असा त्याचा ढोबळ भाव. तागालोग लोकांचा प्राचीन देव बाथाला याच्यावर हवाला ठेवण्यातून तो आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. या समाजावर दैववादाचा शिक्का मारायला तेवढा आधार अनेकांना पुरला.

तसे पाहिले तर असे शिक्के तिथे नवे नाहीत. स्पॅनिश अमदानीत फिलिपिनो माणूस आळशी ठरवला जाई. होसे रिझाल यांनी 1890 मध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकातील लेखमालेत या आरोपाचा समाचार घेतला. वेठबिगार, कोंडलेला व्यापार आणि कष्टाचे फळ हाती लागण्याची शाश्वती नसणे, ही आळसामागची कारणे त्यांनी दाखवली. पुढे अमेरिकी धर्तीच्या समाजशास्त्राने फिलिपिनो ‘मूल्यां’च्या याद्या केल्या आणि ‘बहाला ना’ त्यांत दोषांच्या रकान्यात जाऊन बसले.

हा रकानाच तपासायला घेणाऱ्या विद्याशाखेचे नाव ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’, म्हणजे फिलिपिनो मानसशास्त्र. अमेरिकेत डॉक्टरेट करून 1971 मध्ये परतलेले विर्हिलियो एनरिकेस हे तिचे प्रवर्तक. 1975 मध्ये तिची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. आल्फ्रेदो लागमाय यांनी 1977 मध्ये ‘बहाला ना’वरचा आपला अभ्यास मांडला. स्वतः हार्वर्डमध्ये शिकलेल्या या मानसशास्त्रज्ञाला उद्गारामागे वेगळेच काही आढळले : पुढचे दिसत नसताना पाऊल टाकण्याचा निर्धार आणि पडेल त्या प्रसंगाला जागच्या जागी तोंड देण्याची तयारी. विमानतळावरच्या त्या बाईकडे या नजरेने पाहावे. तिने करारावर सही केली आहे, कर्ज काढले आहे, मुले आजीकडे सोपवली आहेत. तिच्या हातातले सगळे करून झाले आहे. मालक कसा निघेल, एवढेच तिच्या हातात नाही.

या शाखेने प्रश्न विचारण्याची रीतही बदलली. ‘पागतातानोंग-तानोंग’ या पद्धतीत छापील प्रश्नावली नसते. संशोधक गप्पांच्या ओघात विचारतो, तोच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना पुन्हा विचारून पाहतो, आणि समोरच्याने उलट विचारले तर त्यालाही उत्तर देतो. परक्यापाशी माणूस वरवरचे बोलतो. आपला मानलेल्यापाशी मन मोकळे करतो. नाते आधी, नोंदवही मागाहून, हा इथला दंडक आहे.

मात्र शिक्का पुसण्याच्या भरात हार घालण्याची घाई नको. या देशाच्या हवामान खात्याच्या देखरेखीखालील सागरी क्षेत्रात वर्षाला सुमारे वीस चक्रीवादळे शिरतात. 2013 च्या ‘योलांदा’ वादळात सहा हजारांहून अधिक माणसे मेली. अशा ठिकाणी लोकांच्या चिवटपणाचे पोवाडे गाणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे असते. निवारे का अपुरे पडले, हा प्रश्न मग मागे पडतो. शिवाय अभ्यास न करताच परीक्षेला बसणारा विद्यार्थीही ‘बहाला ना’च म्हणतो. निर्धार आणि चालढकल यांना एकच उद्गार चालतो, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांना अडचणीची आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाला म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. हा उद्गार भेटेल तिथे आधी चौकशी करावी : बोलणाऱ्याने तोवर काय काय केले होते, त्याच्या हाती काय उरले होते आणि जे उरले नव्हते ते कोणाच्या हाती होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मानसशास्त्राची हद्द ओलांडून इतिहासात आणि अर्थकारणात शिरावे लागेल. तिथे खुशाल शिरावे. या विषयाची खरी गोडी तिथेच आहे.