हाडाचा होकार

दात पडला की माणूस हळहळतो तो दातासाठी. त्याच्याखालच्या हाडाची आठवण कुणाला होत नाही. आमच्या अब्बांची कवळी दर काही वर्षांनी सैल व्हायची. कवळी तीच होती, झिजत होता तो जबडा. दाताच्या मुळातून हाडाला मिळणारा भार थांबला की शरीर ते हाड हळूहळू काढून घेते. हाड आपल्यावरच्या भारानुसार घडत जाते, हा नियम बर्लिनचे शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला होता.

मग हाडातच नवे मूळ रोवले तर? अमेरिकेत ग्रीनफिल्ड यांनी १९१३ च्या सुमारास इरिडियम-प्लॅटिनमच्या तारेचा पोकळ पिंजरा जबड्यात बसवून पाहिला. १९६० च्या दशकात लिनकोव यांचे पात्याच्या आकाराचे इम्प्लांट गाजले. अरुंद हाडात ते बसे, दातही लवकर लावता येत. पण पुष्कळदा पात्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतीचा थर धरे. खऱ्या दाताभोवतीही मऊ आवरण असते, तसेच हे, असे समर्थक म्हणत. पण दाताचे आवरण धक्का झेलते. हा थर बऱ्याच वेळा इम्प्लांट डुगडुगू देई आणि आसपासचे हाड खाली जाई.

उत्तर सापडले ते दात न शोधणाऱ्या माणसाला. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूशी एकजीव झाले होते. १९६५ मध्ये गोथेनबर्गला यॉस्टा लार्सन यांच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, त्यांनी ते वापरले. तरी दंतवैद्यकाच्या जगाने या पद्धतीला मनापासून मान्यता दिली ती १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतरच.

ब्रोनेमार्क यांची रीत साधी होती आणि अवघडही. छिद्र सावकाश पाडायचे, वर पाणी सोडत राहायचे, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापले तरी इजा होते. मग हिरडी शिवून तीन ते सहा महिने थांबायचे. स्क्रूच्या आट्यांमुळे पकड घट्ट बसते आणि चावण्याचा भार जास्त हाडावर वाटला जातो. आज पहिली पकड पुरेशी मजबूत असेल तर लगेचही दात लावतात. पण हाडाचा होकार घ्यावाच लागतो.

पुढे पृष्ठभागाकडे लक्ष गेले. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे आंद्रे श्रोडर यांनी १९७० च्या दशकात दाखवले, की खरखरीत टायटॅनियमला हाड अधिक चिकटते. पण तोच खरखरीतपणा हाड खचून उघडा पडला, तर तिथे जंतूंचे कीटणही जास्त धरते. जो गुण आत उपयोगी, तो बाहेर घातक!

एक गोष्ट योगायोगाने कळली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुंद इम्प्लांट आले, पण त्यांच्यावर बसणारे तेवढ्याच रुंदीचे जोडभाग मिळेनात. म्हणून अरुंद भाग जोडले गेले. पुढे एक्स-रेमध्ये अशा ठिकाणी मानेजवळचे हाड कमी उतरलेले दिसले. जोडाची फट हाडाच्या कडेपासून आत सरकली होती. लझारा आणि पोर्टर यांनी २००६ मध्ये ही गोष्ट लिहून मांडली. मिलिमीटरच्या अंशाची ही बाब. पण १९८६ चा सर्वमान्य निकषच असा होता, की पहिल्या वर्षानंतर हाडाची घट वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी.

मी कवितेचा माणूस. नेमका शब्दही ओळीत जबरदस्तीने कोंबला तर उपरा राहतो, हे मला ठाऊक आहे. या इतिहासातही तेच दिसते. जबड्याला काय हवे हे आधी विचारणारे टिकले. तुम्ही-आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तर ‘दात किती दिवसांत?’ याआधी ‘हाड किती उरले आहे आणि ते टिकेल कसे?’ हे विचारावे. दात चारचौघांत दिसतो, पण त्याला धरून ठेवणारे हाड कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची चौकशी आपणच करायची.