पदवी आणि तिची मान्यता

अलीकडे आपल्या मंडळातील कित्येक भगिनी घरबसल्या, ऑनलाइन शिकून व्यापार-व्यवस्थापनाची पदवी घेण्याचा विचार करीत आहेत. कोणाचा मसाल्यांचा लहानसा धंदा आहे, कोणाला पतपेढीत बढती हवी आहे. हेतू स्तुत्यच आहे. परंतु जाहिरातीतील ‘मान्यताप्राप्त’ हा एक शब्द वाचून साठवलेले पैसे भरण्यापूर्वी त्या शब्दामागचा इतिहास ध्यानात घ्यावा, म्हणून हा लेख लिहीत आहे.

हा इतिहास आपल्या घरचाच आहे. १९१५ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे ह्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी विद्यापीठ सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. पदवीस नाव दिले ‘गृहीतागमा’. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास लाभले.

एवढे सगळे झाले, तरी एक गोष्ट नव्हती. सरकारची मान्यता! विद्या खरी, शिक्षक तळमळीचे, विद्यार्थिनी कष्टाळू. पण मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे व्यवहारातील वजन ह्या पदवीस नव्हते. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. तोवर ज्यांनी ती पदवी घेतली, त्यांच्या धैर्याचे मला फार कौतुक वाटते. मान्यता नसणे म्हणजे विद्या नसणे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. पण मान्यता नसली की तिची किंमत शिकणारीलाच मोजावी लागते, हेही तितकेच खरे.

योगायोग असा की, त्याच १९१६ साली अमेरिकेत व्यापारशिक्षण देणाऱ्या काही विद्यापीठांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला. आज तो ‘एएसीएसबी’ ह्या आद्याक्षरांनी ओळखला जातो. १९१९ मध्ये त्याने आपले पहिले निकष ठरविले. तिकडे शिक्षणसंस्थांचा दर्जा सरकार थेट तपासत नाही. असे संघ तपासतात. पण तेथेही एक पळवाट निघाली. खोट्या पदव्या विकणाऱ्यांनी त्यांना प्रशस्तिपत्र देणारे खोटे संघही उभे केले! म्हणून परदेशी पदवी घेताना, तपासणी कोणी केली एवढेच विचारून भागत नाही. तपासणाऱ्याला अधिकार कोणी दिला, हेही विचारावे लागते. शिवाय अशी पदवी आपल्याकडे कोणत्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, हे निराळे ठरते.

आपल्या देशात १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने हा प्रश्न बराच सोपा केला. पदवी देण्याचा अधिकार केवळ संसदेच्या वा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. म्हणजे आज कोणी अण्णांच्याच तळमळीने विद्यापीठ काढले, तरी कायद्यावाचून त्याची पदवी ही पदवी ठरणार नाही.

घरी राहून शिकण्याची वाटही जुनीच आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ऑनलाइन पदव्यांचे सध्याचे नियम २०२० चे आहेत. नियमाप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून मिळविलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले.

येथे दोन शब्दांची गल्लत होते, ती टाळावी. मान्यता म्हणजे पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार. मूल्यांकन म्हणजे दर्जाची पारख. ते काम १९९४ साली स्थापन झालेली ‘नॅक’ ही परिषद करते. ‘नॅक’ची श्रेणी संस्थेला असते आणि तिला मुदत असते. श्रेणी उत्तम आहे म्हणून त्या संस्थेचा प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य आहे, असे होत नाही.

तेव्हा भगिनींनो, पैसे भरण्यापूर्वी एवढे अवश्य पाहा. विद्यापीठाचे नाव आयोगाच्या यादीत आहे काय? नेमका हाच अभ्यासक्रम, ह्याच वर्षासाठी, ऑनलाइन शिकविण्याची परवानगी दूरशिक्षण विभागाच्या यादीत दिसते काय? मिळणार आहे ती पदवी, की ‘एमबीएच्या तोडीची’ म्हणून दिलेली पदविका? आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यात जातात, की मधल्या एखाद्या केंद्राच्या? ह्या याद्या आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येतात. जिला जमणार नाही, तिने शेजारच्या मुलीला हाताशी धरावे, लाजू नये.

पहिल्या पदवीधर भगिनींपुढे निवड करायला फारसे काही नव्हते. आपल्यापुढे आहे. विद्या आणि मान्यता ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळण्याची सोय आज झाली आहे, तर अर्ध्यावर समाधान का मानावे? आपल्या मंडळातील प्रत्येक शिकणाऱ्या भगिनीच्या कष्टांचे चीज होवो, हीच ह्या शुभदिनी सदिच्छा.